समजा, नळ सोडला

लोक चेहरे लक्षात ठेवतात. मामांना हात लक्षात राहत. चार पेल्यांत चार बोटं बुडवून ते एकदम उचलणारा चहावाल्याचा हात. अंगठा जिभेला लावून तिकीट फाडणारा कंडक्टरचा हात. नाक शिंकरून, तोच पँटला पुसून, 'या, या, बसा' म्हणत पुढे येणारा दुकानदाराचा हात. सार्वजनिक मुतारीतून बाहेर पडणाऱ्या पुरुषांकडे तर मामा असे टक लावून बघत, की एकदोनदा मार खाता खाता वाचले होते. बेसिनपाशी आलेला माणूस आधी आरशात बघतो, मग भांग पाडतो, मग दातात अडकलेलं काढतो, आणि आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटलंच तर बोटांची टोकं नळाखाली धरतो. याला मामा 'हाताला पाणी दाखवणं' म्हणत. दोघांची नुसती तोंडओळख करून द्यायची. त्यापुढे नातं वाढवायचं नाही.

हे सगळं बघणं हा मामांचा छंद नव्हता, पोटापाण्याचा धंदा होता. आरोग्य खात्याच्या प्रचार विभागात ते नोकरीला होते आणि शाळाशाळांतून मुलांना हात धुवायला शिकवणं हे त्यांचं काम होतं. तरुणपणी ते नाटकात असत. नाटकात म्हणजे नाटकाच्या कडेला. 'सरकार, पाहुणे आले' म्हणणारा पहारेकरी, नाहीतर गर्दीतला तिसरा माणूस. नायक व्हायची हौस मनात कुजत पडली होती, ती या नोकरीत बाहेर आली. खात्यानं दिलेल्या रूक्ष चित्रांच्या तक्त्यातून मामांनी सबंध नाटुकलं उभं केलं. तळव्यावर तळवा म्हणजे 'टाळीचं भांडण'. बोटांत बोटं म्हणजे 'जाळं'. अंगठा मुठीत धरून फिरवायचा ती 'अंगठेरावांची मान मुरगळ'. शेवटी नखं तळव्यावर खरवडायची ती 'मांजरीची खाज'. पोरं हसून लोळायची.

फक्त पाणी नव्हतं.

पहिल्याच शाळेत त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना नळ विचारला, तर बाईंनी मोठ्या अभिमानानं पटांगणातली नळांची रांग दाखवली. मामांनी एक सोडला, दुसरा सोडला, शेवटचा सोडला. नुसती हवा फुसफुसली. "नळ आहेत की," बाई म्हणाल्या, "पाण्याचं काय, येतं कधीतरी." मामा तडक कार्यालयात गेले. साहेब तेव्हा नुकतेच संडासातून बाहेर येऊन खिशातल्या रुमालानं कोरडेच हात पुसत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, पाणी हा आपला विषय नाही. आपलं खातं हातांचं. पाणी दुसऱ्या खात्यात. तुम्ही कृती शिकवा. कृती महत्त्वाची."

दुसरा कोणी असता तर वैतागून गप्प बसला असता. मामा पडले नट. रंगमंचावर नसलेलं दार उघडायची त्यांना सवय होती. दुसऱ्या दिवशी ते मुलांपुढे उभे राहिले, हवेत हात नेला आणि म्हणाले, "मुलांनो, समजा, इथं नळ आहे. समजा, नळ सोडला. आहाहा, काय गार पाणी! समजा, हा साबण." मुलांचे डोळे चमकले. शंभरभर चिमुकल्या हातांनी हवेतला नळ फिरवला. त्या दिवसापासून त्यांचं नाव समजामामा पडलं आणि मूळचं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

आता इथपर्यंत मामांना कोणी बोल लावू नये. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण पुढचं सांगितलं पाहिजे. पुढे काही शाळांत पाणी आलं. धो धो नव्हे, पण आलं. आणि मामांच्या लक्षात आलं, की पाण्यानं कार्यक्रमाचा विचका होतो. पोरं एकमेकांच्या अंगावर शिंतोडे उडवतात, साबण गटारात जातो, बाया ओरडतात, चिखल होतो, आणि 'अंगठेरावांची मान मुरगळ' कोणी बघतसुद्धा नाही. कोरडा कार्यक्रम कसा नेटका! फोटोतही छान दिसतो. एकदा एका शिक्षिकेनं आपण होऊन नळ सोडला, तर तो बंद केला मामांनीच. "थांबा बाई," ते म्हणाले, "आधी कृती पक्की बसू दे. पाण्यानं लक्ष उडतं." बाईंनी मान डोलावली. एवढा तज्ज्ञ माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

घरी मामा एकटे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक लेक, ती लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. लेक जिभेची तिखट. लहानपणी शाळेतून तक्रारी यायच्या त्या अभ्यासाच्या नव्हेत, उत्तरांच्या. एकाला दोन देणार. समोरचा मोठा असो की छोटा, तिच्या तोंडी लागला की त्याची धडगत नसे. मामा वरवर रागवायचे आणि आतून खूश व्हायचे, कारण त्यांना स्वतःला जन्मात कुणाला उलटून बोलता आलं नव्हतं. त्यांची वाक्यं नेहमी दुसऱ्यानं लिहिलेली.

तिचा नवरा दिसायला देखणा, टापटिपीचा, शर्टाला सुरकुती चालायची नाही. आणि हात उचलायचा. पहिल्यांदा उचलला तेव्हा ती बोलली, दुसऱ्यांदाही बोलली, आणि जेव्हा बोलून उपयोग नाही हे कळलं तेव्हा पोरीला काखोटीला मारून बापाच्या दारात येऊन उभी राहिली. मामांनी एक प्रश्न विचारला नाही. ते म्हणाले, "पोरीचं मी बघतो. तू खुशाल कामाला जा." आयुष्यात त्यांनी स्वतः रचलेलं हे एवढंच वाक्य असेल. पण ते खरं होतं, आणि त्याच्याच जोरावर लेक उभी राहिली. कपड्यांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर लागली. संध्याकाळी बोटांना बँडेजपट्ट्या गुंडाळून घरी यायची, सुपरवायझरला आज काय सुनावलं ते रंगवून सांगायची आणि स्वतःच खदखदा हसायची. ते हसू ऐकलं की मामांना वाटे, आपण एक तरी काम नीट केलं.

सासरचे मात्र टपलेले होते. 'बाई दिवसभर बाहेर, म्हातारा अर्धा वेळ शाळाशाळांत, पोर वाऱ्यावर,' असं विहीणबाई गावभर सांगत फिरत. पोर नेण्यासाठी त्यांना एक निमित्त हवं होतं. म्हणजे सगळा डोलारा उभा होता तो एका गोष्टीवर. पोरगी धडधाकट राहिली पाहिजे.

पोरगी होती भिंगरी, आणि नावही तेच पडलं होतं. एका जागी बसली तर शपथ. शाळा सकाळची. दुपारी आजोबा तिला घेऊन पुढच्या शाळेत कार्यक्रमाला जात. व्यासपीठावर आजोबांच्या शेजारी उभी राहून ती असा काही साबणाचा फेस काढायची, की बघणाऱ्याला हातावर बुडबुडे दिसावेत. मामा तिची तालीम घरीच घेत. जेवायच्या आधी, बाहेरच्या खोलीत, ताट वाढलेलं. "चला, समजा नळ सोडला!" भिंगरी टाळीचं भांडण करी, जाळं विणी, अंगठेरावांना छळी, मांजरीसारखी खाजवी, मग हवेत हात झटकी. मामा टाळ्या वाजवत. "शाबास! बस जेवायला." आणि ती बसे. मामाही बसत. मोरी चार पावलांवर होती, आणि तिच्या नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी असे.

त्या वर्षी गावात तापाची साथ आली. भिंगरीचा ताप उतरेना. आधी वाटलं खेळून दमली, मग वाटलं घसा, मग पोट दुखायला लागलं आणि पोरगी चादरीसारखी पांढरी पडली. दवाखान्यात नेली तर टायफॉईड, तोही हाताबाहेर जायच्या बेतात. लेक कारखान्यातून तशीच आली, केसांत दोऱ्याचे धागे अडकलेले. कित्येक दिवस ती खाटेशेजारच्या स्टुलावरून हलली नाही. शेवटी एका सकाळी पोरीनं पाणी मागितलं, बिस्किट मागितलं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. जाता जाता त्यांनी सगळ्यांनाच विचारतात तसं विचारलं, "जेवायच्या आधी हात धुते का नीट?"

"हिला काय विचारता?" लेक म्हणाली. "हिचे आजोबा हेच तर शिकवतात. भिंगरे, दाखव गं."

भिंगरीनं उशीवर टेकूनच दाखवलं. सलाईनची सुई टोचलेला हात जपत तिनं हवेतला नळ सोडला, सगळं साग्रसंगीत केलं आणि नळ बंद केला. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं मान हलवली. "वा! इतकं तर आमच्या नर्ससुद्धा करत नाहीत." त्या पुढच्या खाटेकडे वळणार तोच भिंगरी म्हणाली, "आता द्या बिस्किट."

लेक हसली. "अगं, आता खरे धू. पाण्यानं."

"पाण्यानं कशाला?" भिंगरीला खरंच कळेना. "झाले की धुऊन."

"घरी धुतेस ना पाण्यानं?"

"पाण्यानं हात ओले होतात. धुताना हात ओले नाही करायचे. आजोबांचं असंच असतं."

डॉक्टरीणबाई थांबल्या. लेक वळून बापाकडे बघू लागली. मामांच्या हातात बिस्किटाचा पुडा होता आणि तो त्यांना कुठे ठेवावा ते सुचेना.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं? ही अशीच जेवायला बसते ते?"

"छे," मामा म्हणाले. "मला वाटायचं, नंतर मोरीत जाऊन धूत असेल."

"आजोबा टाळ्या वाजवतात ना," भिंगरी म्हणाली, "मग लगेच जेवायचं."

मुलं अशी असतात. त्यांना साक्ष द्यायला बोलवावं लागत नाही.

लेकीनं बापाच्या हातातला पुडा काढून घेतला आणि पोरीची चादर सारखी केली. मामांना ते फार वाईट लक्षण वाटलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी ऐकून घेतल्या असत्या.

बातमीला पाय असतात. शेजारच्या खाटेवरची बाई विहीणबाईंच्या गल्लीतली निघाली. संध्याकाळी भेटीच्या वेळेला विहीणबाई आणि जावई हजर. विहीणबाईंनी आल्या आल्या दवाखान्याच्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, सगळ्यांना दिसेल असे, आणि मग नातीच्या कपाळावर हात ठेवला. त्या तोंडाच्या कडू होत्या, मनाच्याही कडूच होत्या. पण पोरीवरचा तो हात खोटा नव्हता, हे मामांनाही कबूल करावं लागलं. हात त्यांना कळत.

"काय हो व्याही," विहीणबाई म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी लहानपणापासून ऐकते, पण माणूस आज बघितला."

जावई खिडकीशी उभा होता. हळू, सभ्य आवाजात तो बायकोला म्हणाला, "दवाखान्यातून सोडलं की आम्ही आमची पोर घेऊन जातो. पाहिजे तर कोर्टात ये. तिथं डॉक्टरलाच विचारू, घरात पाणी असताना पोरीला टायफॉईड कसा झाला."

लेक ताडकन उठली. "नेऊन बघा! कुठल्या तोंडानं नेता? तुमच्या घरात काय चालतं ते मी सांगेन कोर्टात. माझ्या बाबांनी सांभाळलीय तिला." मग ती मामांकडे वळली. "बाबा, सांगा ना यांना. पोरीचं मी बघतो म्हणून सांगा."

तेच वाक्य. स्वतःचं. मामांनी तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांपुढे ताट आलं, टाळ्या आल्या, चार पावलांवरची मोरी आली. वाक्य घशात आलं आणि तिथंच बसलं. नाटकात असं झालं की आतून कोणीतरी आठवण करून देतं. इथं आतून कोणी बोललं नाही. लेक वाट बघत राहिली. जावयानं घड्याळ बघितलं. मग लेक हळूहळू स्टुलावर बसली.

दुसऱ्या दिवशी मामांना घरी बसवेना. जवळच्याच एका शाळेत ते मधल्या सुट्टीच्या वेळी गेले, न कळवता, फाटकातूनच बघत उभे राहिले. ही त्यांची आवडती शाळा. इथं हल्लीच पाण्याची नवी टाकी बसली होती आणि एका नळातून पाणी ठिबकतही होतं. डबे घेऊन पोरं रांगेत उभी राहिली. बाईंनी शिट्टी वाजवली. सगळ्यांनी नळांसमोर, हवेत, टाळीचं भांडण केलं, जाळं विणलं, अंगठेरावांची मान मुरगळली. एकही हालचाल चुकली नाही. मग सगळी ओळीनं खाली बसली आणि डबे उघडले.

मामा फाटक ढकलून आत धावले. "अरे, नळ सोडा! नळ सोडा!"

"समजामामा आले!" पोरं आनंदानं ओरडली. डबे खाली ठेवून पुन्हा उभी राहिली, आणि साऱ्या पटांगणातल्या हातांनी एकदम हवेतला नळ सोडला.

मामांनी स्वतः जाऊन खरा नळ सोडला, एकेका पोराला मानगुटीला धरून पाण्याखाली हात घालायला लावले. ओरडले. एक मुलगी रडायला लागली. बाई धावत आल्या, "मामा, बरं नाही का तुम्हाला? बसा जरा." किती शाळा झाल्या असतील, किती वर्षं? मामांना मोजायचा धीर झाला नाही. ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "नात आजारी आहे म्हणून तुमचं मन हळवं झालंय. रजा घ्या. आणि हे कुठं बोलू नका. कार्यक्रम चांगला चाललाय." असं म्हणून त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी तो झटकला. आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं बंड, आणि तेही बघायला कोणी नव्हतं.

घरी आले तर लेक कपड्यांच्या घड्या करत होती. भिंगरीचे फ्रॉक एका पिशवीत, स्वतःचे कपडे दुसऱ्या.

"तूसुद्धा?" मामांनी विचारलं.

"मग पोरीला एकटी पाठवू?"

"तो हात उचलतो. विसरलीस?"

"माझ्यावर उचलतो. तिच्यावर नाही." ती पिशवीची चेन ओढत होती, ती मध्येच अडकली. "आणि उचलतात, पण धुतात तरी."

हा टोला मामांना लागावा म्हणूनच मारलेला होता, आणि तो लागला. पण मारून ती समाधानी झाली नाही. तिनं चेन मागेपुढे करून सोडवली आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, कोर्टात तुम्हालाच उभं करतील. खोटं तुम्हाला सांगता येत नाही, ते मी बघितलं. आणि खरं सांगितलंत तर पोर जाते. मग मी काय करू ते सांगा."

"मी उद्यापासून पाण्यानं करीन. घरीसुद्धा. मी नोकरी सोडतो."

"करा. पाण्यानंच करा." ती उठली. "पण उशीर झाला ना हो बाबा."

भिंगरीला दवाखान्यातून सोडलं, त्या दिवशी मामा दोघींना पोचवायला गेले. रिक्षात भिंगरी त्यांच्या मांडीवर बसली होती, अजून कापसाइतकी हलकी. सगळ्या रस्ताभर मामांनी तिच्या हाताला हात लावला नाही, नुसता फ्रॉकचा काठ धरून ठेवला. विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नातीला उचलून सरळ बेसिनपाशी नेलं, कोमट पाणी सोडलं, साबण चोळला. भिंगरीनं विचारलं, "आज्जी, यात नाटक कधी करायचं?" विहीणबाई म्हणाल्या, "या घरात नाटक नाही." पोरीचे छोटे छोटे हात त्यांच्या थोराड हातांत फेसाळून गेले. मामा उंबरठ्याबाहेर दोन्ही पिशव्या धरून उभे होते. त्यांना कोणी आत या म्हटलं नाही, आणि पिशव्याही कोणी घेतल्या नाहीत.

जावई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. पेपर खाली न करता तो म्हणाला, "आलीस? बरं झालं. ते काजाबिजाचं काम आता बंद. आणि आधी चहा टाक."

मामांनी श्वास रोखला. त्यांना ती शाळेतली पोर आठवली, सुपरवायझरच्या नकला करणारी बाई आठवली. आता ही बोलणार. एकाला दोन देणार. 'तुझे हात स्वच्छ आहेत ना, मग टाक तूच,' असं काहीतरी म्हणणार आणि खदखदून हसणार. मामा मनातल्या मनात तिच्यासाठी वाक्यं रचू लागले, एकामागून एक.

लेकीनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. बाह्या दुमडल्या.

"बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. पातेलं कुठं असतं ते तिला विचारावं लागलं नाही.